वाट चुकलेला पाहुणा आणि शाळेची वही
(मेडशी येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेपुढे केलेले भाषण)



अकोल्याहून वाशीमकडे येणारा रस्ता पातूरचा घाट ओलांडून मेडशीस येतो. सभोवार सागाची जंगले, उतारावर गवताळ माळ, खाली सोयाबीन-तुरीची रानेे, आणि पावसाळा सरताना जागोजाग भरलेली लहानमोठी तळी. अशा गावी कार्तिकातल्या एखाद्या सकाळी चौथीतला मुलगा धापा टाकीत शाळेत येतो आणि म्हणतो, "गुर्जी, तयावर आज येगळंच पाखरू आलं हाये!" त्या वेळी हजेरी चालू असते, पोषण आहाराचे तांदूळ मोजावयाचे असतात, केंद्राकडे पाठवावयाची माहिती तशीच पडून असते. गुरुजी "बस खाली" एवढेच म्हणतात आणि विषय संपतो. क्वचित उलटही घडते. गुरुजी हौशी असले, की ते पाखरू सायंकाळपर्यंत सैबेरियाचे होते आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या वार्ताहरापर्यंत जाते. पहिल्या प्रसंगी एक खरी गोष्ट हरवते व दुसऱ्या प्रसंगी एक खोटी गोष्ट जन्मास येते. यांपैकी अधिक हानिकारक कोणती, याचा विचार आजच्या विषयात ओघानेच यावयाचा आहे.

प्रत्येक पक्ष्याचा एक मुलूख असतो. कावळा, चिमणी, साळुंकी बाराही महिने गावातच राहतात. धोबी, भोरड्या, कित्येक बदके हिवाळ्यात येतात व उन्हाळ्यात परत जातात. त्यांचे येणे-जाणे पंचांगातल्या सणांसारखे ठरलेले असते. चातक पावसाच्या तोंडावर येतो, हे तर लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु कधी कधी या सर्व व्यवस्थेबाहेरचा एखादाच पक्षी, जेथे त्याच्या जातीचे कोणी कधी जात नाही अशा ठिकाणी उतरतो. तो ऋतूप्रमाणे आलेला पाहुणा नव्हे. तो वाट चुकलेला पाहुणा होय. पक्षिशास्त्रात अशा पक्ष्यांची निराळी नोंद ठेवतात आणि ती ठेवताना फार कसून चौकशी करतात.

हे पक्षी वाट चुकतात तरी कशाने? सर्वांत सोपे कारण वारा. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे जोराने वाहू लागले, की खोल समुद्रावर जन्म काढणारे मुखवटाधारी बूबीसारखे पक्षी थकूनभागून मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर येऊन पडतात. चक्रीवादळामागोमाग समुद्रपक्षी जमिनीवर पुष्कळ आतपर्यंत ढकलले गेल्याची उदाहरणे अनेक देशांत आहेत. दुसरे कारण पक्ष्याच्या वयात आहे. पहिल्याच वर्षी प्रवासास निघालेले पिल्लू, बरोबर कोणी जाणता नसल्यास, दिशा चुकते. क्वचित अगदी उलट दिशेलाही निघते. तिसरे कारण अधिक नवलाचे आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा ओळखण्याची शक्ती पक्ष्यांत असते. अमेरिकेत १९६० ते २०१९ या काळात जाळ्यात धरून सोडलेल्या १५२ जातींच्या वीस लाखांहून अधिक पक्ष्यांच्या नोंदी तपासून २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ झाली असता, विशेषतः शरद ऋतूतील प्रवासात, वाट चुकलेल्या पक्ष्यांची संख्या वाढते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की ज्यांनी १९६० साली आपल्या वहीत पक्ष्याचे नाव, दिवस आणि जागा लिहिली, त्यांच्या मनात चुंबकत्वाचा विचारही नव्हता. त्यांनी फक्त नीट लिहून ठेवले होते.

या शास्त्राचा एक आद्य पुरुष शाळामास्तर होता, ही गोष्ट या सभेत सांगितलीच पाहिजे. पूर्वी करकोचे हिवाळ्यात कोठे जातात याविषयी युरोपात नाना तर्क चालत. १८२२ साली जर्मनीत एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत मध्य आफ्रिकेतला लांब बाण आरपार अडकलेला होता. तो बाण घेऊनच बिचारा परत आला होता! करकोचे आफ्रिकेपर्यंत जातात याचा तो ढळढळीत पुरावा ठरला. रोस्टॉकच्या विद्यापीठात तो पक्षी आजही पाहावयास मिळतो. पण प्रत्येक पक्ष्याने बाण घेऊन यावे अशी अपेक्षा कशी करावी? डेन्मार्कमधील व्हिबोर्ग या गावी हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन नावाचे शिक्षक होते. त्यांनी १८९० च्या सुमारास पक्ष्यांच्या पायांत जस्ताची वळी घालून पाहिली. ती जड झाली. मग त्यांनी ॲल्युमिनियमची हलकी वळी केली, प्रत्येकावर क्रमांक आणि पत्ता कोरला, व १८९९ साली १६५ सारिका पक्ष्यांच्या पायांत ती चढवून त्यांना सोडून दिले. यातून आजच्या जगभरच्या वलयांकन पद्धतीचा पाया घातला गेला. भारतात १९२७ साली धारच्या महाराजांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साह्याने हे काम आरंभिले, आणि १९५९ पासून डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली त्याला मोठे रूप आले. सोसायटीच्या वळ्यांवर कळविण्याचा पत्ता व क्रमांक असतो. मेलेल्या पक्ष्याच्या पायात असे वळे आढळले, तर मुलांनी ते खेळण्यात घालवू नये एवढे जरी शाळेत सांगितले गेले, तरी पुष्कळ झाले.

वळ्याविषयी अज्ञान असले म्हणजे काय होते, याची एक हकीकत अलीकडची आहे. मे २०२३ मध्ये मुंबईच्या बंदराजवळ एक कबुतर सापडले. त्याच्या पायांत वळी होती आणि पंखांवर चिनी लिपीसारखी अक्षरे दिसत होती. ते हेर असावे असा संशय आला आणि ते पशुपक्ष्यांच्या रुग्णालयात अडकून पडले. चौकशीअंती कळले, की ते तैवानमधील शर्यतीचे कबुतर असून वाट चुकून हजारो किलोमीटर दूर भारतात आले होते. जानेवारी २०२४ अखेर, आठ महिन्यांच्या बंदिवासानंतर, त्याला मोकळे सोडण्यात आले. हसू येते खरे. परंतु यातून हेही कळते, की दूरदेशीचा पक्षी सापडला म्हणजे तो आपल्या पंखांनीच, रानटी अवस्थेत आला असे लगेच समजू नये. तो पाळलेला, पिंजऱ्यातून सुटलेला, बाजारात विकावयास आणलेला असू शकतो. विजेच्या तारेवर बसलेला रंगीत पोपट हा बहुधा कोणाच्या तरी घरचा असतो.

आता वळे नाही, यंत्र नाही, केवळ डोळे आणि वह्या यांच्या बळावर एका वाट चुकलेल्या पक्ष्याचा माग कसा लागला, ते पाहण्याजोगे आहे. स्टेलरचा सागरी गरुड हा जगातील सर्वांत वजनदार गरुडांपैकी एक. त्याचे घर रशियाच्या अतिपूर्वेकडील कामचाटका आणि ओखोट्स्क समुद्राचा किनारा. हिवाळ्यात तो जपानच्या उत्तरेस उतरतो. ऑगस्ट २०२० मध्ये असा एक गरुड अलास्काच्या अंतर्भागात दिसला. मार्च २०२१ मध्ये तेथून हजारो मैल दूर टेक्सासमध्ये एक दिसला. उन्हाळ्यात कॅनडाच्या पूर्व भागात, नोव्हेंबरात नोव्हा स्कोशियात, डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील एका नदीकाठी आणि वर्ष संपता संपता मेन राज्यात. इतके गरुड कोठून आले? ते अनेक नव्हतेच! निरनिराळ्या गावच्या लोकांनी काढलेली छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली असता, पंखांवरील पांढऱ्या ठिपक्यांची ठेवण जुळली. मुलाच्या गालावरच्या तिळावरून आई त्याला गर्दीत ओळखते, तसाच हा प्रकार. त्यांतील बहुतेक जण शास्त्रज्ञ नव्हते. मात्र प्रत्येकाने तारीख, ठिकाण आणि चित्र एवढे बिनचूक ठेवले होते. एकाने जरी "साधारण त्या महिन्यात, त्या बाजूला कोठेतरी" असे लिहिले असते, तरी त्या माळेतला एक मणी गळला असता.

तथापि दुर्मिळ म्हणून गाजलेला प्रत्येक पक्षी वाट चुकलेलाच असतो असेही नाही. कधी पक्षी बरोबर वाटेवर असतो आणि चूक पाहणाऱ्याची असते. अमूर ससाणा हा सुमारे दीडशे ग्रॅम वजनाचा लहानसा शिकारी पक्षी. ईशान्य चीन, मंगोलिया, आग्नेय सैबेरिया येथे तो घरटी करतो आणि हिवाळ्यासाठी दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातो. महाराष्ट्रात तो एखादा दुसरा दिसे, म्हणून त्याला चुकार पाहुणा समजण्याकडे कल असे. नागालँडमध्ये दोयांग जलाशयापाशी हे ससाणे लाखांनी उतरत आणि २०१२ पर्यंत तेथे त्यांची प्रचंड शिकार होई. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी, चर्चने आणि शासनाने मिळून ती थांबविली. त्या २०१३ च्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच ग्रॅम वजनाची, सूर्यप्रकाशावर चालणारी यंत्रे बसविण्यात आली. नागा, वोखा आणि पांगती अशी त्यांची नावे ठेवली. यंत्रांनी उपग्रहामार्फत कळविले, की हे चिमुकले जीव दक्षिण भारताचे पठार पार करून अरबी समुद्रावर झेपावतात, व नागालँडहून सोमालियापर्यंतचे अंतर पाच-साडेपाच दिवसांत न थांबता कापू शकतात. म्हणजे आपल्याच डोक्यावरून दरवर्षी ही वरात जात होती. ती फार उंचावरून आणि पुष्कळदा रात्री जात असल्याने, खाली उतरलेला एखादा थकलेला वऱ्हाडीच काय तो दिसे. तोच खरा वाटमार्गी, आणि त्याला आपण चुकार ठरविले!

याउलट, आज चुकार असलेला पक्षी उद्याचा वाटाड्या ठरणेही शक्य आहे. रिचर्डची तिरचिमणी ही सैबेरियात वीण करणारी, हिवाळ्यात आशियाच्या दक्षिण व आग्नेय भागात येणारी. पश्चिम युरोपात ती क्वचित दिसे व वाट चुकलेली मानली जाई. फ्रान्सच्या दक्षिण भागात ती दरवर्षी हिवाळा काढू लागली आहे, आणि तेच पक्षी सैबेरियात जाऊन पुन्हा तेथेच परततात, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. हवामान पालटत असता पाखरे नव्या वाटा कशा शोधतात, याचे हे पहिलेवहिले पाऊल कोणाच्या तरी टिपणवहीतच उमटते.

आता खोट्या नोंदीविषयी. ही हकीकत महाराष्ट्रातीलच आहे व ती विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण आरंभी विचारलेल्या प्रश्नाशी तिचा संबंध आहे.

रानपिंगळा हे एक लहान घुबड. ॲलन ह्यूम याने १८७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन याने त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू पृथ्वीवरून नाहीसा झाला. साऱ्या जगाच्या संग्रहालयांत मिळून त्याची जेमतेम सात कातडी उरली होती. त्यांपैकी एकावर कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित गृहस्थांची चिठ्ठी होती: गुजरातेतील मांडवी, ऑक्टोबर १९१४. माणूस मोठा, चिठ्ठी व्यवस्थित. संशय कोण घेणार? पक्षी गुजरातेत, त्याच्या ज्ञात मुलखाबाहेर, १९१४ पर्यंत होता असे धरले गेले. शोधकांनी तिकडेही शोध घेतला आणि ते रिकाम्या हाताने परतले.

अमेरिकेतील पामेला रासमुसेन या विदुषींनी ही कातडी बारकाईने तपासली. क्ष-किरणांनी पाहिले, टाके पाहिले, आतला कापूस पाहिला. प्रत्येक संग्राहकाची पक्षी भरण्याची आपली एक पद्धत असते, जशी प्रत्येकाच्या अक्षराची वळणे निराळी असतात. या कातड्यात डेव्हिडसनची पद्धत डोकावत होती. तो पक्षी खानदेशातलाच, डेव्हिडसननेच मिळविलेला होता. पुढे तो संग्रहालयातून उचलला गेला, उसवून पुन्हा शिवला गेला आणि त्याच्यावर खोटी जागा व खोटी तारीख डकवली गेली. ती एक चिठ्ठी बाजूला सारल्यावर खरी ठिकाणे तेवढी उरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी पूर्वेकडील जुन्या जागा धुंडाळल्या; तेथे यश आले नाही. मग ते खानदेशात शहाद्याजवळच्या रानात आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला होता! एकशेतेरा वर्षांनी तो पुन्हा दिसला. पुढे मेळघाट व यावल येथेही तो आढळला. मेळघाटाचे डोंगर अकोल्याच्या उत्तरेस, येथून फार दूर नाहीत.

न लिहिलेल्या नोंदीने ज्ञानात एक रिकामी जागा राहते. ती जागा कोणी तरी पुढे भरू शकतो. खोटी नोंद त्या जागेवर बसून राहते व खऱ्याला येऊ देत नाही. इकडे पक्षी खानदेशात जिवंत होता आणि तिकडे त्याचे रान तुटत होते. तेव्हा केवळ शास्त्राचेच नव्हे, तर पक्ष्याचेही नुकसान झाले असे म्हणावयास हवे.

यास्तव मेडशीच्या तळ्यावरच्या त्या "येगळ्या पाखरा"चे काय करावे? त्याचे नाव काय, हा प्रश्न गुरुजींनी प्रथम विचारूच नये. ते केवढे होते? चिमणीएवढे, साळुंकीएवढे, कावळ्याएवढे की घारीएवढे? चोच सरळ की आकडीसारखी? पाय कोणत्या रंगाचे? पाण्यात चालत होते की पोहत होते? एकटे होते की थव्यात? उडताना पंखांवर काही दिसले काय? उत्तरे मुलाच्या तोंडून, त्याच्याच शब्दांत, पुस्तक उघडण्यापूर्वी लिहून घ्यावीत. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. चित्र एकदा दाखविले, की मूल चित्रातला पक्षी पाहू लागते, तळ्यावरचा नव्हे. दुसऱ्या एखाद्या मुलानेही तो पाहिला असेल तर त्याला वेगळे विचारावे. त्यानंतर दिवस, वेळ, तळ्याचे नाव, आदल्या रात्रीचे हवामान आणि पाहणाऱ्यांची नावे. भ्रमणध्वनीवर छायाचित्र मिळाले तर उत्तमच, मग ते कितीही धूसर का असेना. आणि मग दुपारच्या सुट्टीत गुरुजींनी स्वतः तळ्यावर जाऊन यावे. बहुतेक वेळा ते पाखरू ओळखीचेच निघेल: एखाद्या बगळ्याचे पिल्लू, पिसे बदलणारे बदक, किंवा जन्मतः रंग हरवलेला पांढरा कावळा. तसे निघाले म्हणून मुलाला हसू नये. त्याने भेद ओळखला होता, हे त्याला सांगावे.

भेद ओळखण्यासाठी नेहमीचे ठाऊक असावे लागते. म्हणून वहीचा आरंभ दुर्मिळापासून करून चालत नाही. आठवड्यातून एक दिवस, तेच तळे, तोच बांध, तीच पंधरा मिनिटे; जे दिसेल ते आणि जितके दिसेल तितके. परिसर अभ्यासाच्या तासात हे सहज बसते, गणिताच्या तासाला त्याचे आलेख होतात. "आज काही नाही" हीही नोंदच होय. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल निघाला, तो सुमारे तीस हजार लोकांनी दिलेल्या तीन कोटी नोंदींवर उभा होता, आणि त्यांतील बहुसंख्य नोंदी साध्यासुध्या पाखरांच्याच होत्या. ज्या शिक्षकांना साधेल त्यांनी आपल्या नोंदी ई-बर्डसारख्या सार्वजनिक संकेतस्थळावरही द्याव्यात. तेथे असंभाव्य नाव दिल्यास परीक्षक पुरावा मागतात. त्याचा राग मानू नये. उत्तरपत्रिकेत नुसते उत्तर पाहून गुरुजी तरी कोठे पूर्ण गुण देतात?

या बाबतीत गावातील जाणत्यांना विसरू नये. गुराखी, मासे धरणारे, आणि विशेषतः फासेपारधी समाजातील वडीलधारी माणसे. तणमोर हा गवतात लपणारा पक्षी आज अतिसंकटग्रस्त जातींत गणला जातो. पावसाळ्यात नर गवतातून वर उड्या घेतो, दिवसातून शेकडो वेळा. एरवी तो जणू अदृश्यच असतो. पाऊस व गवत जेथे असेल तेथे तो जातो, म्हणून एका वर्षी येथे तर दुसऱ्या वर्षी तेथे. आणि त्यामुळेच त्याला चुकार म्हणावे की घरचा, हे ठरविणे अवघड. अकोला-वाशीम भागातील माळांवर तो अजून आहे हे कळण्यात फासेपारध्यांच्या डोळ्यांचा मोठा वाटा आहे. ज्या समाजाची मुले शाळेत मागच्या ओळीत बसतात, त्यांच्यापाशी असलेली ही विद्या वर्गात पुढे आली, तर निदान त्या तासापुरती बसण्याची व्यवस्था बदलेल.

सावधगिरीच्या एक-दोन गोष्टी. थकून पडलेला पक्षी मुलांनी हातात घेऊ नये, त्याला दाणापाणी कोंबू नये. सावलीच्या जागी खोक्याने झाकून वनविभागास कळवावे. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये. २००६ साली नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लूची साथ आली होती, हे पुष्कळांना आठवत असेल. तणमोरासारखा पक्षी किंवा कोणाचेही घरटे दिसले, तर जागा गावभर सांगू नये, छायाचित्र घेण्यासाठी जवळ जाऊ नये. दूरच्या पाहुण्याला पाहावयास गर्दी जमली, की तो आधीच दमलेला जीव आणखी दमतो.

ओळख न पटलेल्या पाखरासाठी वहीत नावाची जागा कोरी सोडावी आणि पुढे "ओळख पटली नाही" असे स्वच्छ लिहावे. तेथे अंदाजाने नाव घालू नये. मुख्याध्यापकांनी सांगितले तरी घालू नये. ही वही शाळेची आहे, शिक्षकाची नव्हे. बदली होते तेव्हा दाखल-खारीज रजिस्टर, जडवस्तू-नोंदवही यांच्यासमवेत तिचीही प्रभार-यादीत नोंद करून ती नव्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या हाती द्यावी, आणि तळ्याकडे जाण्याची वाट कोणत्या बांधावरून आहे तेही तोंडी सांगावे.